गुरुवारचा हात

चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये माझी एकोणीस वर्षं गेली. आम्ही साचे बनवतो. साच्यात केसाएवढा फरक राहिला तर पुढे त्यातून निघणारा एकूण एक पार्ट भंगारात जातो, त्यामुळे मोजण्याची खोड अंगात मुरली आहे. खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर नसेल तर मला अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरी मी करंजीच्या पारीची जाडी मोजली होती, त्यावरून मेहुण्या अजून माझी खेचतात. खेचू देत. मोजलं की वाद मिटतो, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कोणी न विचारता कोणालाही ऐकवायचो.

ही गोष्ट माझ्या बायकोच्या हाताची आहे. तो हात मोजताना मी जशी माती खाल्ली, तशी एकोणीस वर्षांत कधी खाल्ली नव्हती.

तिचं माहेर पुनावळ्याचं, तिथे टॉवर उभे राहायच्या कितीतरी आधीपासूनचं. मी लातूरकडचा. तीही चाकणलाच, पण दुसऱ्या कंपनीत. गाडीत ज्या वायरींचे जुडगे असतात, ते जोडायच्या लाइनवर ती काम करते. तिचा हात इतका लहान आहे की कंपनीत मिळणारे सगळ्यात लहान हातमोजेसुद्धा बोटांच्या टोकाला रिकामे लोंबतात. पण त्याच हातामुळे लाइनवर तिला मान आहे. कनेक्टरच्या मागे जिथे कोणाचं बोट पोचत नाही तिथे तिचं पोचतं, आणि काम अडलं की सुपरवायझर तिलाच हाक मारतो. एकदा त्यांच्या कंपनीने घरच्यांना लाइन बघायला बोलावलं होतं. मी अर्धा तास तिच्या मागे उभा राहून बघत होतो. वायर उचलायची, भोकात घालायची, अंगठ्याने दाबायची, टक्क असा आवाज आला की पुढची. एकही वायर तिने दोनदा घातली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि घरी येताना मी तसं तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली की आठ तास बघा, मग सांगा.

नेमबाजीची सुरुवात त्याच दिवशी झाली. कंपनीच्या मैदानावर एका निवृत्त सुभेदारांनी एअर पिस्तुलाचा स्टॉल लावला होता. बायका आधी लाजत होत्या, मग एकमेकींना ढकलत पुढे गेल्या. आमच्या बाईंनी पाच छर्रे मारले आणि पाचही शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत बसले. सुभेदारसाहेबांनी आधी कुठे शिकलात असं विचारलं. तिने सांगितलं की कुठंच न्हाई, रोज बारक्या भोकात वायर घालते. साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी आपल्या रेंजचा पत्ता तिच्या हातावर पेनाने लिहून दिला. कागद नव्हता जवळ.

रेंज हायवेच्या पलीकडे, टेकडीला लागून असलेल्या एका जुन्या दगडाच्या खाणीत आहे. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. जगाला रविवार आणि आम्हाला गुरुवार, त्यामुळे लग्नकार्याला आम्ही नेहमी कपाळावर आठ्या घेऊनच जातो. तर दोन वर्षं प्रत्येक गुरुवारी ती रेंजवर जायची. तिच्याकडे चांदीची एक बांगडी आहे, तिच्या आईने दिलेली. लाइनवर दागिने चालत नाहीत म्हणून ती फक्त गुरुवारी सकाळी उजव्या हातात घालायची आणि रेंजवर पिस्तूल हातात घ्यायच्या आधी काढून माझ्याकडे द्यायची. दोन वर्षं माझं रेंजवरचं काम तेवढंच होतं, बांगडी सांभाळणं.

मग सुभेदारसाहेबांनी तिला पंचवीस मीटरवर न्यायचं ठरवलं. तिथे एअर पिस्तूल चालत नाही, खऱ्या गोळीचं पॉइंट टू-टूचं पिस्तूल लागतं. साहेबांचं म्हणणं होतं की ताईंचा हात लाइनवर तयार झालेला आहे, शंभर वेळा एकच गोष्ट तशीच करायचा त्यांना कंटाळा येत नाही, आणि तिथे तेच लागतं. राज्यस्पर्धेसाठी क्लबकडून एका बाईचं नाव जाणार होतं, ते त्यांनी हिचं दिलं. त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, “ह्या वर्षी तिथनं पुढं नाव गेलं तर ठीक. न्हाई गेलं तर बास. मग गुरवार घरचा.”

माझ्या आईचं दवाखान्यात नेणं-आणणं, आठवड्याचं धुणं, दळण, सगळं गुरुवारवर साचायचं. मी मदत करायचो, पण माझी मदत म्हणजे काय ते तिलाच माहीत. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने हिशोबाने स्वतःला एक वर्ष दिलं होतं. मला वाईट वाटलं आणि मी पोळीकडे बघत राहिलो.

आता पिस्तूल निवडायचं होतं. सुभेदारसाहेबांच्या लोखंडी कपाटात परवान्यावरची तीन होती. पॉइंट टू-टूचा धक्का तसा फार नसतो. मोठ्या पिस्तुलांपुढे तो काहीच नाही. पण पंचवीस मीटरवर नेम तिळभर हलला तरी कागदावर दोन बोटं सरकतो, आणि तिळभर हलवायला तेवढा धक्का पुरतो.

पहिलं पिस्तूल नवं, लांब, परदेशी. रेंजवरचे सगळे त्याच्यावर जीव टाकतात. तिने ते धरलं तर बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला लागत होतं. साहेबांनी ट्रिगर मागे घ्यायचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, तरी तेच. बोट नीट पोचावं म्हणून तिने मूठ जरा वळवून धरली. तसं केलं की धक्का सरळ मनगटात जात नाही, अंगठ्याच्या बुडाशी बसतो. वीस गोळ्यांत तिथे लाल झालं. साहेबांनीच ते पिस्तूल काढून घेतलं.

दुसरं मी सुचवलं. सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं. लहान हाताला लहान पिस्तूल, यात विचार करायचा काय, असं मी जरा ठसक्यातच म्हणालो. तिने पाच गोळ्या मारल्या आणि दर गोळीला नळीचं तोंड वर उडत होतं. साहेबांनी मला विचारलं, तुमच्या वर्कशॉपात ठोकाठोकी करताना जॉब कशात धरता? वाइसमध्ये, त्या जड लोखंडी पकडीत, मी म्हणालो. वाइस हलका का करत नाही मग, उचलायला बरा पडेल की. जड वस्तूला धक्का कमी लागतो हे मला शिकवावं लागावं, तेही बायकोसमोर, याचा राग मला दोन दिवस पुरला. तेव्हापासून साहेब मला मिस्त्री म्हणतात.

तिसरं पिस्तूल दिसायला अगदीच गरीब होतं. काळा रंग उडालेला, नळी आखूड पण जाड, आणि लाकडी मुठीवर कोणीतरी आपल्या दांडग्या पंजासाठी पुट्टी थापून ठेवलेली. मी तोंड वाकडं केलं. पण मुठीच्या पाठीपासून ट्रिगर जवळ होता, वजन पुढच्या बाजूला होतं, आणि गोळी भरताना वरचा भाग मागे ओढायची स्प्रिंग मऊ होती, तिला दोन बोटांत जमली. साहेबांनी तिला एक युक्ती सांगितली. रिकामं पिस्तूल निशाणाकडे धरायचं, डोळे मिटायचे, हात खाली घेऊन पुन्हा वर न्यायचा, आणि मग डोळे उघडून बघायचं की नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत कुठे बसली आहे. जे पिस्तूल डोळे मिटून सरळ येतं ते आपलं. तिने तिन्ही पिस्तुलांवर दहा-दहा वेळा तसं केलं. कोणाकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. मग तिसरं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “ह्ये.”

मी साधा मोबाइल घ्यायला तीन महिने लावतो. ती इतक्या शांतपणे आणि इतकं बरोबर निवडते कशी, याचं मला तेव्हाही नवल वाटलं, अजूनही वाटतं.

फक्त त्याची मूठ तिच्या हाताला फार मोठी होती. ती नवी करायला हवी होती, आणि इथे मी उडी मारली. पिस्तूल कपाटातून बाहेर जाऊ शकत नाही, पण लाकडी मूठ दोन स्क्रूंवर असते, ती नमुन्याला घरी आणता येते. मी साहेबांना सांगितलं की आता बघाच मिस्त्रीची कमाल.

मी त्या कामात पूर्ण बुडालो. कंपनीतून आल्यावर संध्याकाळी तिचा हात ओट्याशेजारी धरायचा आणि व्हर्नियरने मोजायचा. तळव्याची रुंदी, प्रत्येक बोटाचं पेर, अंगठा आणि पहिल्या बोटातली बेचकी. ती एका हाताने भाजी परतायची आणि मी दुसऱ्या हाताची मापं वहीत लिहायचो. मळलेल्या कणकेचा गोळा तिच्या मुठीत दाबून ठसाही घेतला. आई म्हणाली, या घरात चपात्या कधी होणार? चार दिवस, रोज संध्याकाळी सातला, मी तीच मापं पुन्हा घेतली आणि चारही दिवसांची जुळली. चार मापं जुळली की टूलरूममध्ये आम्ही डोळे झाकून सही करतो.

घरात मोडक्या पलंगाचा एक शिसवी पाय पडून होता. त्यातून मी मूठ कोरली. करवत, कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी जवसाचं तेल. बुधवारी ती सुटल्यावर आम्ही तडक रेंजवर गेलो आणि साहेबांनी मूठ पिस्तुलाला चढवली. तिने हात घातला. कुठेही फट नव्हती, कुठेही टोचत नव्हतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. लग्नात हार घालताना नव्हतो एवढा मी त्या दिवशी फुगलो होतो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिच्या गोळ्या कागदभर पसरल्या.

आम्हाला वाटलं, नवी मूठ आहे, सवय व्हायला हवी. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी वाईट. पाच गोळ्यांतली पहिली ठीक लागायची, मग प्रत्येक धक्क्याला हात मुठीत जरा जरा फिरायचा. ती घट्ट धरायची, मग मनगट थरथरायचं. साहेब मागे हात बांधून उभे राहायचे, ते मला जास्त लागायचं. स्पर्धेला महिना राहिला होता.

तिसऱ्या गुरुवारी घरी परतताना माझं डोकं सणकलं. मी तिला म्हणालो की मूठ बरोबर आहे, मी एकदा नाही चारदा मोजली आहे, तूच नीट धरत नाहीस. वर हेही म्हणालो की मनातून तुला सोडायचंच असेल तर माझ्या कामावर ढकलू नकोस. गाडी चालवत होतो, तिचा चेहरा दिसत नव्हता. ते वाक्य आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

पुढच्या बुधवारी तिच्या माहेरी भाचीचा साखरपुडा होता. ती शिफ्टवरून आली, साडी नेसली आणि बांगडी घालायला गेली. बांगडी बोटांच्या सांध्यापाशी अडली. तिने साबण लावून बघितला, तरी जाईना. तशीच गेली. गुरुवारी सकाळी मी चहा घेत होतो. ती आतून आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने तीच बांगडी हातात सरकवली. कोरड्या हातावर, विनासायास गेली. काढली, पुन्हा घातली.

“तुमी मोजला तो कंपनीचा हात,” ती म्हणाली. “गुरवारचा हात बारीक असतो.”

मी कप खाली ठेवला. दिवसभर वायरी दाबून तिचा हात सुजायचा. इतका थोडा की डोळ्याला दिसू नये, आणि इतक्या वर्षांचा की तिलाही त्याचं काही वाटेनासं झालेलं. मी चारही दिवस संध्याकाळी सातला मोजला, म्हणून चारही मापं जुळली. टूलरूममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट बजावतो, मशीनवरून आत्ता उतरलेला तापलेला जॉब मोजायचा नाही. तो थंड होऊ दे, मग व्हर्नियर लाव. लोखंडाच्या तुकड्याला मी ही सवलत देत होतो. तिला दिली नव्हती.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली, आईसमोर. आई म्हणाली, बरं झालं. कशाबद्दल ते तिने विचारलंसुद्धा नाही.

रागाच्या भरात मी ती मूठ गॅलरीतल्या भंगाराच्या बादलीत फेकली आणि पलंगाच्या उरलेल्या पायातून दुसरी कोरायला घेतली. या वेळी माप पुढच्या गुरुवारी सकाळी घेतलं, तिने पाण्यातही हात घालायच्या आधी. फरक दीड-दोन मिलिमीटरचा होता. दुसऱ्या मुठीत तिचा हात बसला आणि गोळ्या पुन्हा एका जागी यायला लागल्या. साहेबांनी तिचा कागद हातात घेऊन उजेडाला धरला, भोकं बघितली, आणि मिस्त्रीला चहा द्या रे, एवढंच म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

स्पर्धा रविवारी सकाळी होती. तिने शनिवार आणि रविवार रजा टाकली होती, म्हणजे हात शांत होईल. शुक्रवारी संध्याकाळी लाइनवरून निरोप आला की माल मागे पडला आहे, शनिवारची रजा रद्द, वर ओव्हरटाइम. मी तिला म्हणालो जाऊ नकोस, आजारी आहे म्हणून कळव. ती नाही म्हणाली. मागच्या बाजूच्या वायरी तिच्याशिवाय कोणाला जमत नाहीत, ती नसली की बाकीच्या पाचजणींना त्यासाठी रात्री दहापर्यंत थांबावं लागतं, आणि त्यांतल्या दोघींची पोरं लहान आहेत. मी चिडलो, आवाज चढवला. तिने डबा भरला. तिच्या जागी मी असतो तर गेलो नसतो, हे मला तेव्हाच माहीत होतं.

रविवारी पहाटे आम्ही निघायच्या तयारीत होतो. तिने बांगडी घेतली आणि हातात सरकवायला लागली. सांध्यापाशी अडली. एरवी एका रात्रीत उतरणारी सूज ओव्हरटाइमनंतर उतरली नव्हती. दुसरी मूठ आता तिला टोचणार, बोट आखडणार, आणि वर्ष संपणार. तिचं एक वर्ष, तिने स्वतःहून घेतलेलं एकुलतं एक.

तिने बॅग उघडली आणि जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. ती पहिली मूठ होती. तिच्यावर पुन्हा तेलाचा हातही फिरलेला होता.

“बादलीतनं उचलून ठेवली व्हती,” ती म्हणाली. “त्यो बी हात माझाच हाय न्हवं.”

रडू येत होतं आणि ते लपवायला मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. किल्ली हातातच होती.

स्पर्धेच्या रेंजवर पिस्तुलाची तपासणी होते, त्याआधीच मूठ बदलायला हवी होती. सुभेदारसाहेब पिस्तूल घेऊन आधीच आले होते. तिने त्यांच्यासमोर मूठ धरली. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं, मुठीकडे बघितलं, एक प्रश्न विचारला नाही आणि स्वतः खाली बसून दोन्ही स्क्रू फिरवले.

तिच्या शेजारच्या जागांवर विशीतल्या मुली होत्या, त्यांच्याजवळ लांब, चकचकीत, पहिल्या पिस्तुलासारखी पिस्तुलं. हिचं तेवढं रंग उडालेलं. पहिला टप्पा सावकाश नेमाचा, दुसरा झटपट. दुसऱ्यात निशाण तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर न्यायचा, एक गोळी मारायची आणि हात खाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. कागद मला दिसत नव्हता, फक्त तिचा हात दिसत होता. तो वर जायचा, धक्का सरळ मनगटातून दंडात उतरायचा, नळी जिथल्या तिथे, हात खाली. पुन्हा वर. पहिल्यांदा लाइनवर तिच्या मागे उभं राहून पाहिलं होतं तेच मी बघत होतो. एकही वेळ वेगळी नाही. आठ तास बघा असं ती म्हणाली होती, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आदल्या दिवशी अकरा तास काम करून आलेला तो हात होता.

दुपारी फळ्यावर यादी लागली. पदक वगैरे काही नव्हतं. पुढे जाणाऱ्यांची नावं वेगळ्या रकान्यात होती, आणि त्यात सगळ्यात शेवटचं नाव तिचं होतं. मी ते तीनदा वाचलं. सुभेदारसाहेबांनी टोपी काढून तिला सलाम ठोकला. तो त्यांनी चेष्टेत सुरू केला असावा, पण पूर्ण केला तो खरा.

ती यादीसमोर नुसती उभी होती. मी खिशातून बांगडी काढून तिला दिली. तिने ती हातात सरकवून बघितली. सांध्यापाशी अडली. तिने ती काढली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “गुरवारी घालीन.”